करंट देऊन लघवी

गुडघा धरला की अकलूजची म्हातारी माणसं फिजिओथेरपीवाल्याकडे ‘करंट घ्यायला’ जातात. उसाच्या ट्रॉलीवरून पडून ज्याचं कमरेखालचं गेलं, त्याच्या लघवीला असा करंट का देत नाहीत, असं कुणी विचारलं तर हसू नये. डॉक्टर मंडळीही हाच प्रश्न गेली दीडशे वर्षं घेऊन बसली आहेत.

१८७८ मध्ये साक्सटॉर्फ या डॅनिश सर्जननं लघवी तुंबलेल्या रोग्यांच्या मूत्राशयात नळीवाटे तार सोडून वीज दिली. पुढे १९६० च्या आसपास मूत्राशयाच्या भिंतीलाच तारा जोडून झाल्या. वीज भलतीकडे पसरे, दुखे, आणि पिशवीबरोबर तिचं तोंडही आवळलं जाई. मग लघवी येणार कुठून?

हा पेच लंडनच्या जाइल्स ब्रिंडली यांनी सोडवला. त्यांनी पिशवी सोडून पाठीचा कणा धरला. त्रिकास्थीतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या पुढच्या मुळांना वीज द्यायची, आधी बबून माकडांत, मग माणसांत. पण त्या मुळांतून पिशवीचे आणि तोंडाच्या स्नायूचे तंतू एकत्रच जातात, म्हणजे पेच होता तिथंच. उपाय सापडला तो स्नायूंच्या स्वभावात. तोंडाचा स्नायू चटकन आवळतो, चटकन सैल पडतो. पिशवीचा स्नायू सुस्त, उशिरा आवळतो आणि उशिरा सोडतो. म्हणून वीज थोडा वेळ द्यायची, थांबवायची, पुन्हा द्यायची. त्या थांब्यात तोंड सैल, पिशवी मात्र अजून आवळलेली, आणि लघवी चिळकांड्यांनी बाहेर. मला तर या सगळ्या कुळकथेत वीज दुय्यम वाटते. खरी करामत त्या थांब्याची.

१९७८ मध्ये हे माणसात जमलं. कातडीखालच्या यंत्रात बॅटरी नव्हती. रोग्यानं लहरी पाठवणारी चकती वरून कातडीला टेकवायची आणि बटण दाबायचं. रेडिओलहरींनी आतलं यंत्र चाले. मात्र नकळत होणारी गळती थांबवायला मागची, संवेदनेची मुळं कापावी लागत. त्यानं पिशवीत लघवी मावायची, मूत्रपिंडं वाचायची. पण पुरुषाची आपोआप येणारी ताठरता जायची. तरण्या माणसाला हा सौदा सोपा नव्हता. शिवाय मार मुळांनाच लागला असेल, तर यंत्राचा उपयोगच नाही.

तोवर स्वस्तातला उपाय पुढे निघून गेला होता. १९७२ मध्ये अमेरिकेत लॅपिडिस यांनी दाखवलं, की निर्जंतुक थाटाची गरज नाही, स्वच्छ हातांनी रोग्यानं स्वतःच दिवसातून काही वेळा नळी घालावी. कमरेखालचं गेलेला माणूस काय करू शकतो, तेही त्याच वर्षी दिसलं. हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये सांगलीकडच्या मुरलीकांत पेटकरांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचं कमरेखालचं अंग लुळं पडलं होतं. त्या स्पर्धांचं मूळ इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल इस्पितळात. पाठीचा कणा मोडलेला माणूस लघवीच्या संसर्गानं आणि शय्याव्रणांनी मरायचाच, ही समजूत तिथल्या लुडविग गुटमान यांनी मोडून काढली होती.

आता पुन्हा करंट आला आहे, तो घोट्याशी. आतल्या बाजूच्या नसेवर चिकटपट्ट्या लावून सौम्य वीज देतात. यंत्र गुडघ्याच्या करंटचंच भावंड. त्यानं उतावीळ मूत्राशय काहीसं शांत होऊ शकतं. तुंबलेलं रिकामं करायला मात्र बहुतेकदा नळीच घालावी लागते.