टकळी आली, शिक्षक आला नाही

माध्यमिक शाळेतील व्यवसायशिक्षणाचा विषय निघाला की आपण यंत्रे आणि अनुदान यांविषयी बोलतो. ते चालवणाऱ्या माणसाविषयी क्वचितच. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी उद्योगाद्वारे शिक्षणाचा विचार मांडला. डॉ. झाकिर हुसेन समितीच्या योजनेत साडेपाच तासांच्या शाळेतील तब्बल ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला दिली होती. १९४५ मध्ये या कल्पनेचा विस्तार उत्तर-बुनियादी, म्हणजेच माध्यमिक वयापर्यंत झाला. सेवाग्रामला आर्यनायकम् दांपत्याने ती निष्ठेने चालवली. सुताच्या हिशोबातून गणित आणि शेतातून विज्ञान शिकवायचे, तर शिक्षकाला उद्योग आणि विषय दोन्ही अवगत हवेत. इतरत्र बहुतेक शाळांत टकळी पोचली, असा शिक्षक पोचला नाही. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव सुचवला; तोही बव्हंशी वेळापत्रकातला एक रकाना होऊन राहिला.

आम्हांला यात केवळ अंमलबजावणीचे अपयश दिसत नाही. हाताने काम करणाऱ्याला ज्ञानाच्या पंक्तीला न बसवणारा आपला जुना समाज त्यात दिसतो. कार्यशाळेतल्या शिक्षकाला मुख्याध्यापकाच्या खुर्चीचा हक्कदार मानल्याखेरीज ही पंक्ती मोडणार नाही.