सव्वानऊचा माणूस

मॅडलिन मॅकॅन ही ब्रिटिश मुलगी ३ मे २००७ च्या रात्री पोर्तुगालमधून नाहीशी झाली. वाढदिवसाला नऊ दिवस होते, चार पूर्ण झाली असती. ती आजही सापडलेली नाही आणि तिला नेल्याबद्दल कुणावर खटला उभा राहिलेला नाही. पुरावा इतका तुटपुंजा आणि मतं इतकी ठाम, असं प्रकरण माझ्या वाचनात दुसरं नाही. कुणी आईकडे बोट दाखवतं, कुणी बापाकडे, कुणी मुलं पळवणाऱ्या टोळीकडे, कुणी शेजारच्या बंगल्यातल्या माणसाकडे.

निकाल देण्यासाठी मी हा घटनाक्रम मांडलेला नाही. त्या रात्रीचं घड्याळ तपासात एका चुकीच्या मिनिटावर अडकलं आणि सहा वर्षं तिथेच राहिलं. लोकांच्या तर्कवितर्कांनी ते तिथून हलूही दिलं नाही. ते कसं झालं, एवढंच सांगायचं आहे.

दुपारी २:२९

प्राया दा लूझ हे पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावरचं छोटंसं गाव. तिथल्या ओशन क्लब या पर्यटक संकुलात मॅकॅन कुटुंब २८ एप्रिलपासून उतरलेलं. वडील जेरी हृदयरोगतज्ज्ञ, आई केट जनरल प्रॅक्टिशनर, मॅडलिन आणि तिची दोन वर्षांची जुळी भावंडं. सोबत मित्रमंडळी. एकूण नऊ मोठी माणसं आणि आठ मुलं.

पोहण्याच्या तलावाकाठी केटने एक फोटो काढला. पाण्यात पाय सोडून बसलेली, हसणारी मॅडलिन. तिचा हा शेवटचा ज्ञात फोटो. कॅमेऱ्यात वेळ उमटली १:२९, कारण त्याचं घड्याळ एक तास मागे होतं. पुढे याच फोटोवरून तो त्या दिवसाचा नाहीच, असं ठासून सांगणारे निघाले. ऊन, सावल्या, कपडे, सगळ्यांचं मोजमाप झालं. मुलीचा शोध मात्र त्यातून तसूभरही पुढे सरकला नाही.

संध्याकाळी ७

मुलं झोपली. मॅडलिनच्या अंगात गुलाबी-पांढरा रात्रीचा पोशाख. उशाशी तिचं कापडी मांजर.

७:३२

ही नोंद घटनाक्रमात आली ती तेरा वर्षांनी. जून २०२० मध्ये जर्मन पोलिसांनी जाहीर केलं की त्या भागात राहिलेल्या एका जर्मन गुन्हेगाराच्या मोबाइलवर ७:३२ ला फोन आला आणि तो ८:०२ पर्यंत चालला. दुसऱ्या टोकाला कोण होतं, हे त्यांनी जनतेला विचारलं. हा माणूस दुसऱ्या गुन्ह्यांत शिक्षा झालेला. मॅडलिनशी आपला काही संबंध नाही असं तो म्हणतो. त्याच्यावर या प्रकरणात आरोपपत्र दाखल न होताच सप्टेंबर २०२५ मध्ये त्याची दुसरी शिक्षा संपली आणि तो सुटला. लोकांनी मात्र तोवर त्यालाही गुन्हेगार ठरवून टाकलं होतं. जसं आधी इतरांना ठरवलं होतं तसंच.

रात्री ८:३०

आईवडील तलावापलीकडच्या तापास रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेले. सरळ रेषेत ते अंतर जेमतेम पन्नास मीटर, चालत जायचं तर थोडं जास्त. त्यांचा ५ए हा तळमजल्यावरचा, कोपऱ्यावरचा फ्लॅट. मागच्या बाजूचं सरकतं काचेचं दार बाहेरून कुलूपबंद होत नव्हतं, म्हणून ते नुसतंच ओढून घेतलेलं. दर अर्ध्या तासाने कुणी ना कुणी जाऊन मुलांना बघून यायचं, असं ठरलेलं.

संकुलाच्या कर्मचाऱ्यांच्या निरोपवहीत एक नोंद होती. या मंडळींना रोज तेच टेबल द्यावं, कारण तिथून फ्लॅट दिसतात आणि आत मुलं झोपलेली असतात. वही तलावाजवळच्या स्वागतकक्षात होती. ती तिऱ्हाइताच्या नजरेला पडली असेल, असं केटला पुढे वाटत राहिलं.

मुलांना एकटं ठेवायला नको होतं. हे सगळ्यांनी म्हटलं, आईवडिलांनीही म्हटलं, आणि ते खरंच आहे. पण निष्काळजीपणा हा एक प्रश्न आणि मूल कुणी नेलं हा दुसरा. पहिल्या प्रश्नावरचा राग लोकांनी दुसऱ्याचं उत्तर म्हणून वापरला. पुढच्या बहुतेक वावड्यांचं मूळ याच गल्लतीत आहे.

९:०५

जेरी बघायला आला. मुलांच्या खोलीचं दार आपण ठेवलं होतं त्यापेक्षा जास्त उघडं आहे, असं त्याला जाणवलं. मॅडलिन उठून आमच्या खोलीत गेली असेल, असं वाटून त्याने आत डोकावलं. तिघंही झोपलेली. त्याने दार पुन्हा किलकिलं केलं आणि निघाला. एखाद्या बापाने आपल्या मुलीला शेवटचं पाहिलं ते असं, उभ्याउभ्या. तेव्हाच कुणी आत लपलेलं असेल का, हा प्रश्न त्याचा पिच्छा सोडत नाही, हे त्याने स्वतःच सांगितलं आहे.

९:१५

बाहेर रस्त्यावर जेरीला ओळखीचा एक पर्यटक भेटला. दोघं बोलत उभे राहिले. त्याच वेळी त्यांच्या गटातली एक मैत्रीण आपल्या मुलांना बघायला निघाली होती. तिला पुढच्या चौकातून एक माणूस रस्ता ओलांडताना दिसला. त्याच्या हातांवर आडवं, अनवाणी मूल होतं. तिला त्यात वावगं काही वाटलं नाही. सुट्टीच्या गावात रात्री मूल उचलून नेणारा बाप हे काही आक्रीत नव्हे.

मॅडलिन नाही हे कळल्यावर मात्र त्या दृश्याचा अर्थच पालटला. तिने पोलिसांना सगळं सांगितलं, प्रामाणिकपणे. बोलत उभ्या असलेल्या दोघांनाही ती जवळून गेल्याचं आठवेना. तेवढ्यावरून तिला खोटारडी ठरवणाऱ्यांची रीघ लागली. दुसरीकडे, तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांनी ९:१५ ही अपहरणाची वेळ मानून टाकली. वर्णन २५ मेला जाहीर झालं. ऑक्टोबरमध्ये एक चित्रही आलं. तिला चेहरा दिसला नव्हता, म्हणून चित्रातल्या माणसाला चेहरा नव्हता. मग ज्याच्या मनात जो संशयित, त्याचा चेहरा त्या कोऱ्या जागेवर बसू लागला.

९:३०

आता केटची पाळी होती. पण एक मित्र आपल्या खोलीकडे निघालाच होता, तो म्हणाला मीच बघून येतो. त्याने ५ए मध्ये डोकावलं. दारातून जुळी दिसली, सगळं शांत होतं. मॅडलिनचा पलंग दिसेल इतका तो आत गेला नाही. यावरून त्याचीही पुढे यथेच्छ बदनामी झाली.

१०:००

केट आली. मुलांच्या खोलीचं दार सताड उघडं. ती ते ओढायला गेली, तोच वाऱ्याने ते धाडकन आपटलं. आत वारा येतोय कुठून? खिडकी उघडी होती, बाहेरचं शटर वर होतं. पलंग रिकामा होता आणि कापडी मांजर मागेच राहिलं होतं. घर धुंडाळून ती ओरडत रेस्टॉरंटकडे धावली.

साधारण त्याच सुमारास

५ए पासून सुमारे साडेचारशे मीटरवर, शाळेच्या रस्त्यावर, आयर्लंडहून आलेलं एक कुटुंब जेवून परतत होतं. त्यांना एक माणूस समोरून आलेला दिसला. कडेवर तीन-चार वर्षांची, फिक्या रंगाच्या पोशाखातली मुलगी. तो समुद्राच्या दिशेने गेला.

या नोंदीचं पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मॅकॅन कुटुंब ब्रिटनला परतलं. विमानाच्या जिन्यावरून मुलाला खांद्याशी धरून उतरणारा जेरी टीव्हीवर दिसला. ते बघून आयरिश कुटुंबप्रमुखांना वाटलं, तो माणूस हाच. साठ ते ऐंशी टक्के खात्री असल्याचं त्यांनी पोलिसांना कळवलं. वास्तविक दहाच्या सुमारास जेरी रेस्टॉरंटमध्ये होता, असं सांगणारे साक्षीदार होते. पुढे त्या गृहस्थांनीही ही ओळख चुकल्याचं मानलं. मला यात त्यांचा दोष दिसत नाही. चार महिने जगभर एकच चेहरा दाखवला गेला, की तो कुणाच्याही आठवणीत शिरणारच.

१०:३० ते ११:१०

संकुलात हरवलेल्या मुलाचा शोध सुरू झाला. कर्मचारी आणि पाहुणे मिळून साठेक माणसं पहाटे साडेचारपर्यंत हिंडत होती, गावभर तिच्या नावाच्या हाका ऐकू येत होत्या. मुलगी उठून कुठेतरी गेली असावी, असा पहिला समज. १०:४१ ला पोलिसांना फोन गेला. ११:१० च्या सुमारास आठेक किलोमीटरवरच्या लागूशहून दोन गस्ती पोलीस आले.

मध्यरात्र ते पहाटे ३

गस्ती पोलिसांनी मध्यरात्री गुन्हे पोलिसांना कळवलं. आपण दहा मिनिटांत पोहोचलो असं ते म्हणतात. केटच्या सांगण्यानुसार ते आले तेव्हा एक वाजून गेला होता. तोवर आणि त्यानंतरही फ्लॅटमध्ये ये-जा चालूच होती. मित्र, कर्मचारी, पोलीस. सील होण्यापूर्वी वीसेक माणसं आत जाऊन आली, असं खुद्द पोलीस अधिकाऱ्याने नंतर सांगितलं. सगळे मदतीलाच आलेले, त्यांच्या पायांखाली काय गेलं ते कळायला आता मार्ग नाही. खिडकीच्या शटरवरचे ठसे घेणाऱ्याच्या हातात मोजेही नव्हते. रात्री दोनला श्वानपथक आलं. तीनला अधिकारी गेले. मुलांच्या खोलीच्या दारावर एक पट्टी चिकटवून ठेवली होती, बाकी फ्लॅट तसाच.

आपल्याकडे नोएडातल्या आरुषी खूनप्रकरणात घरभर फिरणारी माणसं आठवतात ना, तोच प्रकार इथे वर्षभर आधी घडला होता.

४ मे, सकाळी १०

रस्त्यांवर नाकाबंदी लागली ती आता. बारा तास गेले होते. लूझपासून स्पेनची सीमा मोटारीने दीडेक तासावर आहे. इंटरपोलचा इशारा जगभर गेला पाच दिवसांनी. ५ए महिनाभर रिकामा ठेवून पुन्हा पर्यटकांना भाड्याने दिला गेला आणि ऑगस्टमध्ये आणखी तपासण्यांसाठी परत बंद केला गेला.

माझ्या लेखी खरा घात या बारा तासांत झाला. त्यांच्याबद्दल कुणी हिरिरीने भांडत नाही, कारण त्यात खलनायक सापडत नाही. पट्टी, हातमोजे, नाकाबंदी, यांवर चावडी रंगत नाही.

पुढचे दिवस

चावडी रंगली ती माणसांवर. गावातच राहणारा रॉबर्ट म्युरात दुभाष्या म्हणून पोलिसांच्या मदतीला धावला होता. त्याचा उत्साह एका ब्रिटिश बातमीदार बाईंना खटकला, त्यांनी पोलिसांना सांगितलं आणि मॅडलिन नाहीशी झाल्यापासून बारा दिवसांत तो अधिकृत संशयित झाला. हाती काहीच लागलं नाही. २००८ मध्ये वृत्तपत्रांना बदनामीपोटी त्याला सहा लाख पौंड द्यावे लागले.

मग पाळी आईवडिलांची. ब्रिटनहून आणलेल्या कुत्र्यांनी फ्लॅटमध्ये आणि कुटुंबाने भाड्याने घेतलेल्या मोटारीजवळ वास लागल्याची खूण दिली. नमुने बर्मिंगहॅमच्या प्रयोगशाळेत गेले. तिथल्या शास्त्रज्ञाने ३ सप्टेंबरला कळवलं की नमुन्यात अनेकांचा डीएनए मिसळलेला आहे, ठोस निष्कर्ष काढता येत नाही. तरीही चारच दिवसांनी केट आणि जेरी अधिकृत संशयित ठरले. डीएनए जुळल्याच्या बातम्या पहिल्या पानांवर आल्या. डेली एक्सप्रेस आणि त्याच्या भावंड पत्रांनी शंभरावर लेख छापले. मार्च २००८ मध्ये त्यांनी पहिल्या पानावर माफी मागितली आणि शोधनिधीला साडेपाच लाख पौंड दिले. जुलै २००८ मध्ये पोर्तुगालने तिघांवरचा संशय मागे घेऊन फाइल बंद केली. फाइल बंद होऊन आठवडाही झाला नव्हता, तोच तपासाचे पूर्वप्रमुख गोन्सालो अमराल यांचं आईवडिलांकडे बोट दाखवणारं पुस्तक दुकानांत होतं. ज्याने पुरावा शोधायचा, तोही तर्क लढवणाऱ्यांच्या गर्दीत येऊन उभा राहिला.

१४ ऑक्टोबर २०१३

स्कॉटलंड यार्डने २०११ पासून सगळी कागदपत्रं पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली होती. कुणी नेलं हे न विचारता त्यांनी आधी कोण, कुठे, किती वाजता हे मांडलं. त्यात एक ब्रिटिश पर्यटक सापडला. त्या रात्री आपल्या मुलीला संकुलाच्या रात्रीच्या पाळणाघरातून घेऊन तो सव्वानऊच्या सुमारास त्याच चौकातून गेला होता. कपडे जुळत होते, मुलीचा पोशाख जुळत होता. सव्वानऊचा माणूस जवळजवळ नक्की हाच, असं पोलिसांनी बीबीसीच्या कार्यक्रमात सांगितलं. ज्याला सहा वर्षं जग शोधत होतं, तो आपल्या लेकीला झोपवायला निघाला होता.

घटनाक्रमातून ९:१५ ही वेळ गळाल्यावर पुढचा, दहापर्यंतचा वेळ मोकळा झाला. त्या सहा वर्षांत त्याबद्दल कुणी नीट विचारलं नव्हतं, कारण मुलगी तोवर नेलेलीच होती असं सगळे धरून चालले होते. आयरिश कुटुंबाच्या सांगण्यावरून काढलेली दोन रेखाचित्रं मॅकॅन कुटुंबाच्या खासगी गुप्तहेरांकडे २००८ पासून तयार होती. ती या कार्यक्रमाच्या निमित्ताने प्रथमच लोकांनी पाहिली. पोलिसांना शेकडो फोन आले. त्यांनी लोकांना विचारलं ते एवढंच, ३ मे २००७ ला रात्री दहाच्या आसपास तुम्ही लूझमध्ये होतात का, आणि होतात तर काय पाहिलंत.