वाट मोकळी करणारे परमवीर : मेजर रामा राघोबा राणे

परमवीरचक्र म्हटले की बहुधा हार घातलेली तसबीरच डोळ्यांपुढे येते. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातील पाच मानकऱ्यांपैकी तिघांना हा सन्मान मरणोत्तर मिळाला. जे दोघे घरी परतले, त्यांतले एक लान्स नाईक करम सिंग आणि दुसरे कारवारचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे.

२६ जून १९१८ रोजी जन्मलेले राणे कारवारजवळच्या चेंडिया गावचे. वडील पोलिस शिपाई. त्यांच्या बदल्यांमुळे मुलाच्या शिक्षणाची आबाळच झाली. १९४० मध्ये ते बॉम्बे सॅपर्समध्ये जवान म्हणून दाखल झाले, ब्रह्मदेशात लढले आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले. त्यानंतर अवघ्या चार महिन्यांत कसोटीची घडी आली.

राजौरी शत्रूच्या ताब्यात होते आणि तेथील रहिवाशांचे हाल संपत नव्हते. नौशेराहून निघालेल्या तुकडीला तातडीने पोहोचायचे होते. पण रस्ता भूसुरुंगांनी पेरलेला, ठिकठिकाणी उखडलेला. रणगाडे जागीच अडले. ८ एप्रिल १९४८ रोजी बारवालीजवळ राणे यांच्या पथकाने सुरुंग काढायला घेतले, तोच उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन जवान ठार, पाच जखमी. जखमींत स्वतः राणे होते. तरीही ते कामावरून हलले नाहीत. पुढे आडवे पाडलेले पाइनचे वृक्ष, त्यांच्याभोवती सुरुंग आणि वर मशिनगन रोखलेल्या. राणे रणगाड्याच्या आडोशाने पुढे सरकत, अडथळा सुरुंगाने उडवत आणि पुढच्या वळणाकडे जात. ना पोटभर अन्न, ना झोप. ११ एप्रिलला सकाळी अकराच्या सुमारास चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला, तरी त्यांचे काम रात्री दहापर्यंत चालूच होते. १२ एप्रिलला राजौरी मुक्त झाले. गोळी न झाडताही लढाईचा निकाल ठरवता येतो, हे सॅपर्सचे जुने वैशिष्ट्य. त्याची याहून बोलकी साक्ष क्वचितच मिळेल.

या पदकाचा आराखडा सावित्रीबाई खानोलकर यांचा. ते १९५० मध्ये जाहीर झाले, तेव्हा राणे अविवाहित होते. १९५५ मध्ये त्यांचा विवाह झाला, पुढे चार मुले झाली. युद्धकथा या वर्षांपाशी थांबत नाहीत. वास्तविक, सुरुंगांमधून वाचलेल्या माणसाच्या वाट्याला आलेला हा संसार त्या चार दिवसांइतकाच सांगण्याजोगा आहे. १९६८ मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले. १९८४ मध्ये भारतीय नौवहन महामंडळाच्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव मिळाले. हयातीत असे भाग्य किती सैनिकांना लाभते?

११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर २००६ पासून त्यांचा पुतळा आहे आणि २०२३ मध्ये अंदमानातील एका बेटालाही त्यांचे नाव देण्यात आले.