सिंधूचा रकाना

'एकच प्याला' शिकताना अथवा शिकवताना आपण सुधाकराच्या अधःपाताची चर्चा करतो, सिंधूच्या पातिव्रत्याची करतो, तळीरामाच्या विनोदाची तर करतोच; पण एका साध्या गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. सुधाकराची समजूत घालू पाहणारी माणसे या नाटकात कमी नाहीत. रामलालचे शब्द आहेत, सिंधूचे अश्रू आहेत. उपयोग कशाचाच होत नाही. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाने दारुड्याशी बोलणे व्यर्थ असते ही समजूत मराठी मनात पक्की केली, असे आम्हांस वाटते. त्या समजुतीची रीतसर परीक्षा जवळजवळ शंभर वर्षांनी गोव्यात झाली. ती वैद्यकाच्या इतिहासात मोडते हे खरे. परंतु तिच्यात शब्दांचा प्रश्न इतक्या वेळा आडवा येतो, की साहित्याच्या अभ्यासकांनीही ती वाचावी.

आरंभ गोव्यापासून दूर, आफ्रिकेत होतो. विक्रम पटेल हे मनोविकारतज्ज्ञ १९९०च्या दशकात झिंबाब्वेतील हरारे येथे काम करीत होते. तेथील शोना भाषेत 'डिप्रेशन'ला नेमका प्रतिशब्द नव्हता, पण 'कुफुंगिसिसा' असा एक शब्द होता: अति विचार करणे. इंग्रजी प्रश्नावली भाषांतरित करून थांबण्याऐवजी लोकांच्या तोंडच्या अशा शब्दांवरून प्रश्नावली रचण्यात आली. भाषांतराचे वर्ग घेणाऱ्यांना यातील मर्म वेगळे सांगायला नको. आपल्याकडे 'विषाद' आहे, गीतेचा पहिला अध्यायच त्याच्या नावाचा आहे. पण प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेली बाई 'मला विषाद झाला आहे' असे म्हणत नाही. अंग दुखते, चक्कर येते, झोप लागत नाही, असे ती सांगते आणि गोळी घेऊन घरी जाते.

१९९६ साली पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात 'संगाथ' ही संस्था उभी केली. (झोपवणाऱ्याच्या अंगी कसलीही गूढ शक्ती नसते, कारण झोपणाऱ्याच्या मनातच असते, असे पॅरिसात बजावणारा आबे फारिया कांदोळीचा, त्याच भूमीत हे काम व्हावे याची आम्हांस गंमत वाटते.) पुढे ४५० रुग्णांवर एक चाचणी झाली. एका गटाला फ्लुओक्सेटिन हे औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी निरौषधी गोळी आणि तिसऱ्याला संभाषणाचा उपचार. २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. दोन महिन्यांनंतर औषध निरौषधी गोळीहून सरस ठरले होते. संभाषण मात्र तिच्याहून सरस ठरले नव्हते. रामलालचा पराभव आकड्यांनी सिद्ध झाला म्हणा ना!

येथे हे सारे थांबू शकले असते. पण अपयश जसेच्या तसे छापले गेले आणि काम पुढे चालू राहिले. या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट आम्हांस हीच वाटते. कोण बोलतो, कोठे बोलतो आणि कोणत्या शब्दांत बोलतो, हे प्रश्न नव्याने विचारले गेले. त्यातून 'मानस' प्रकल्प निघाला. मनोविकाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन समुपदेशक नेमले गेले. रुग्णाच्या माथी आजाराचे नाव मारण्याऐवजी 'टेन्शन' हा सर्वांच्या तोंडी असलेला शब्द स्वीकारला गेला. शुद्धतावाद्यांना तो खटकेल. पण या शब्दात लाज नाही, हा त्याचा मोठा गुण.

चोवीस ठिकाणी, बारा सरकारी केंद्रांत आणि बारा खाजगी दवाखान्यांत, ही चाचणी झाली. २०१० साली प्रसिद्ध झालेले तिचे निष्कर्ष दुभंगलेले आहेत. सरकारी केंद्रांत समुपदेशक लाभलेल्यांपैकी सहा महिन्यांनी सुमारे ६६ टक्के बरे झाले, इतरांपैकी सुमारे ४२. खाजगी दवाखान्यांत मात्र फरकच पडला नाही. तेथे समुपदेशक असो वा नसो, बरे होणाऱ्यांचे प्रमाण ६५च्या आसपास राहिले. असे का व्हावे? आमचा तर्क असा, की खाजगी दवाखान्यातला डॉक्टर रुग्णाच्या घरादारासह त्याला ओळखतो, दोन शब्द विचारतो. सरकारी केंद्रातील रांगेत ते होत नाही. जेथे कोणीच बोलत नव्हते, तेथे बोलण्याने फरक पडला.

दारूची पाळी त्यानंतर आली. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या ३७७ पुरुषांवरील चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. समुपदेशकाच्या भेटी एक ते चार, बस्स. या भेटींत उपदेश वर्ज्य होता. प्यावे की सोडावे, याची कारणे पिणाऱ्याच्याच तोंडून निघावीत, अशी ती पद्धत. समुपदेशक आपल्या संभाषणांची ध्वनिमुद्रणे एकत्र बसून ऐकत आणि एकमेकांना गुण देत. आपल्या किती वर्गांत असे घडते, हा प्रश्न जाता जाता विचारून ठेवतो.

तीन महिन्यांनी या गटातील ३६ टक्के पुरुषांचे पिणे धोक्याच्या रेषेखाली आले होते, इतरांपैकी २६ टक्क्यांचे. मागील चौदा दिवसांत दारूला न शिवलेले अनुक्रमे ४२ व १८ टक्के. वर्षानंतरही फरक टिकून होता. रामलालने उपदेश सोडून नुसते विचारले असते तर, असे मनात येतेच. तथापि एक भान ठेवायला हवे. ज्यांचे पिणे घातक होते पण जे पुरते व्यसनाधीन झाले नव्हते, अशांचीच ही चाचणी होती. पहिल्या प्याल्यानंतरचा सुधाकर तिच्यात बसला असता, शेवटच्या अंकातला नव्हे.

त्याच निबंधात आणखी काही आकडे आहेत. जे पीतच राहिले त्यांचे रोजचे प्रमाण घटले नाही. कामावर न गेलेल्या दिवसांत फरक पडला नाही. आणि पत्नीवरील हिंसाचाराचीही नोंद घेतली गेली होती. तीतही दोन्ही गटांत फरक आढळला नाही. यशाच्या आकड्यांखालीच संशोधकांनी ही ओळ छापली आहे. नवरा चौदा दिवस प्यालेला नाही हे एका रकान्यात, आणि घरातल्या बाईचे काय झाले हे दुसऱ्या. गडकऱ्यांच्या नाटकात सिंधू मरते ती या दुसऱ्या रकान्यात.