काचबिंदूवरील शस्त्रक्रियेचा विकास

काचबिंदू या विकारात डोळ्यातील जलीय द्रवाचा निचरा अडून नेत्रगोलातील दाब बहुधा वाढतो व दृक्-तंत्रिकेचे तंतू नष्ट होत जातात. गेलेली दृष्टी कोणत्याही उपायाने परत येत नाही. म्हणून शस्त्रक्रियेचे यश उरलेली दृष्टी किती वर्षे टिकली यावरूनच ठरवावे लागते. मोतीबिंदू काढल्यावर रुग्णाला होणारा आनंद येथे नसतो.

बर्लिन येथील आल्ब्रेख्ट फोन ग्रेफे (१८२८–७०) यांनी १८५७ मध्ये परितारिकेचा (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याचा) तुकडा कापून काढल्यास तीव्र काचबिंदू आटोक्यात येतो, असे दाखविले. तोपर्यंत असा डोळा गेल्यातच जमा असे. जुनाट, वेदनारहित प्रकारात मात्र या शस्त्रक्रियेचा उपयोग बेताचाच होता. त्यासाठी द्रवाला नवी वाट करून देण्याची कल्पना पुढे आली. बॉर्दो येथील लाग्रांझ यांनी १९०६ मध्ये श्वेतपटलाचा (डोळ्याच्या पांढऱ्या बाह्यावरणाचा) तुकडा काढण्याची पद्धत सुचविली.

या प्रयत्नांतील एक महत्त्वाचा टप्पा भारतात गाठला गेला. मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयाचे अधीक्षक रॉबर्ट हेन्री एलियट (१८६४–१९३६) यांनी १९०९ मध्ये लहानशा गोल पात्याने स्वच्छमंडल व श्वेतपटल यांच्या सांध्यावर सुमारे दीड ते दोन मिमी. व्यासाचे छिद्र पाडून ते नेत्रश्लेष्मकलेने झाकण्याची पद्धत प्रसिद्ध केली. (उत्तरायुष्यात हेच एलियट ‘भारतीय दोरीच्या जादू’मागील भाकडकथा खोडून काढण्यासाठी प्रसिद्ध झाले.) ही पद्धत अनेक देशांत रूढ झाली; पण तिचे दोषही लवकरच दिसले. डोळ्यात दर मिनिटाला जेमतेम दोन ते तीन मायक्रोलिटर द्रव तयार होतो. उघड्या छिद्रातून तो भराभर निघून गेल्यास पुढील कक्ष सपाट होई, तर छिद्रावरील पातळ फुगवट्यातून कित्येक वर्षांनंतरही जंतुसंसर्ग आत शिरे.

यावर केंब्रिज येथील जॉन केअर्न्झ यांनी १९६८ मध्ये वर्णिलेली जालिकाच्छेदन (ट्रॅबेक्युलेक्टॉमी) पद्धत परिणामकारक ठरली. तीत छिद्रावर श्वेतपटलाचीच अर्ध्या जाडीची झडप टाक्यांनी बसवितात. द्रव श्लेमनलिकेच्या कापलेल्या टोकांत शिरेल, अशी केअर्न्झ यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो झडपेच्या कडांनी नेत्रश्लेष्मकलेखाली झिरपतो, असे पुढे दिसून आले. उपपत्ती चुकली, शस्त्रक्रिया मात्र टिकली.

यानंतर अपयशाचे मुख्य कारण म्हणून व्रणरोपणच उरले. इतर शस्त्रक्रियांत जखम भरावी म्हणून प्रयत्न असतो, येथे ती पूर्ण भरू नये म्हणून. अमेरिकेतील एका नियंत्रित चाचणीत, अपयशाची शक्यता अधिक असलेल्या डोळ्यांना शस्त्रक्रियेनंतर ५-फ्ल्युओरोयुरॅसील या औषधाची अंतःक्षेपणे दिली गेली. पाच वर्षांनंतरच्या निष्कर्षांनुसार (१९९६) औषध दिलेल्यांपैकी ५१ टक्के व न दिलेल्यांपैकी ७४ टक्के डोळ्यांत शस्त्रक्रिया अयशस्वी ठरली होती. मिटोमायसीन-सी हे अधिक प्रभावी औषध शस्त्रक्रियेच्या वेळीच काही मिनिटे लावले की पुरते. त्याचा वापर प्रथम तैवानमधील चेन यांनी १९८३ मध्ये नोंदविला. त्याने यश वाढले, तसेच अतिशय कमी दाब, गळती व उशिरा होणारा संसर्ग हे एलियट यांच्या काळातील धोकेही परतले. ते औषध विस्तृत क्षेत्रावर लावल्यास फुगवटा पसरट व जाड राहतो, असे लंडनच्या मूरफील्ड्झ रुग्णालयातील पेंग टी खॉ यांनी दाखविले. मागाहून सैल करता येणाऱ्या टाक्यांमुळे पहिल्या आठवड्यांतील दाबही हळूहळू उतरविता येऊ लागला. व्रण घडविणाऱ्या वृद्धिघटकाला रोखणाऱ्या प्रतिपिंडाकडून मोठ्या अपेक्षा होत्या. परंतु २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते निरुपयोगी ठरले.

केप टाउन येथे मोल्टेनो यांनी १९६९ मध्ये वर्णिलेली नलिकारोपणाची पद्धत प्रथम केवळ अखेरचा उपाय मानली जाई. आधी शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांच्या तुलनात्मक चाचणीत (२०१२) पाच वर्षांत नलिका सुमारे ३० टक्के, तर मिटोमायसीन-सीसह जालिकाच्छेदन सुमारे ४७ टक्के डोळ्यांत अयशस्वी ठरले.