नदी हलली, सीमा कोठें राहिली?



तीस वर्षांहून अधिक काळ मीं शाळेंत भूगोल शिकविला. नकाशावरील निळी रेघ दाखवून ‘ही नदी, आणि हीच दोन देशांची सीमा’ असें सांगितलें, कीं माझें काम संपे. एकदां एका विद्यार्थ्यानें विचारलें, “गुरुजी, नदीनें जागा सोडली तर सीमा कोठें जाते?” त्या वेळीं मीं त्याला खालीं बसविलें. त्याचें उत्तर आज देतों.

मेक्सिको आणि अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें यांचें युद्ध १८४८ सालीं ग्वादालूपे इदाल्गोच्या तहानें संपलें. एल पासोपासून समुद्रापर्यंत रिओ ग्रांदे नदी ही सीमा ठरली. नदीच्या उत्तरेस अमेरिकेचें एल पासो. दक्षिणेस मेक्सिकोचें, आज स्यूदाद ह्वारेस म्हणून ओळखलें जाणारें, शहर. परंतु नदीचे कांठ गाळाचे. दक्षिणेकडील कांठ कातरीत ती सरकत गेली. १८६४ च्या महापुरांत तर तिनें मोठीच मजल मारली. अशा रीतीनें एल चामिझाल नांवाचा सुमारें सहाशें एकरांचा तुकडा नदीच्या उत्तरेस पडला, आणि त्यावर एल पासोची वस्ती वाढली.

१८८४ च्या करारानें नियम केला: कांठ हळूहळू झिजून नदी सरली, तर तिच्याबरोबर सीमाही सरावी, नदीनें एकाएकीं नवें पात्र धरलें, तर सीमा जुन्या पात्रांतच राहावी. नियम स्पष्ट होता. पण नदी कशी सरली, हें ठरवावयाचें कोणीं? १८९५ सालीं एका मेक्सिकन नागरिकानें आपल्या जमिनीसाठीं दाद मागितली. अखेर १९११ मध्यें लाफ्लर या कॅनडांतील कायदेपंडिताच्या अध्यक्षतेखालीं लवाद बसला. १८६४ पूर्वीची नदीची चाल मंद, नंतरची तशी नव्हे. म्हणून १८६४ च्या पात्राच्या दक्षिणेकडील भूमि मेक्सिकोची, असा निवाडा झाला. संयुक्त संस्थानांनीं तो नाकारला. तें जुनें पात्र आतां सांपडणार नाहीं, आणि भूमि विभागण्याचा लवादास अधिकारच नव्हता, असें त्यांचें म्हणणें होतें.

एवढ्याशा भूमीनें दोन शेजाऱ्यांचीं मनें अर्धशतक कलुषित केलीं. मेक्सिकोच्या दृष्टीनें प्रश्न एकरांचा नव्हता. बलवान शेजारी आपणच मान्य केलेल्या लवादाचा शब्द पाळतो कीं नाहीं, हा होता. १९४४ सालीं याच नदीच्या पाण्याची वांटणी दोघांनीं करारानें केली. म्हणजे एकत्र बसणें अशक्य नव्हतें. पुढें १९६२ मध्यें अध्यक्ष केनेडी मेक्सिकोस गेले असतां अध्यक्ष लोपेस मातेओस यांजबरोबर बोलणें झालें, आणि २९ ऑगस्ट १९६३ रोजीं करारावर सह्या झाल्या. आधार मुख्यतः १९११ च्याच निवाड्याचा! अदलाबदल होऊन मेक्सिकोस ४३७ एकर भूमि मिळाली. नदीसाठीं काँक्रीटचें पात्र बांधण्यांत आलें, व १९६८ मध्यें तिला त्यांत सोडण्यांत आलें.

या समेटाची किंमत मात्र कोणीं दिली? पांच हजारांहून अधिक एल पासोवासीयांना घरें सोडावीं लागलीं. त्यांतील बहुतेक मेक्सिकन वंशाचेच होते. भरपाई मिळाली, पण जुना शेजार मिळाला नाहीं. निवाडा व करार यांमधील बावन्न वर्षांत तेथें पिढ्या वाढल्या होत्या. न्याय लांबला, कीं त्याचें व्याज गरिबांना भरावें लागतें.

तो विद्यार्थी आज भेटला, तर मी त्याला सांगेन: बाळ, नदी जागा सोडते, हा तिचा स्वभावच आहे. सीमा टिकते ती पाण्यावर नव्हे, दोन शेजाऱ्यांनीं पाळलेल्या शब्दावर.