पक्षी-छायाचित्रणाची सुरुवात

रानातल्या पक्ष्यांची छायाचित्रे टिपण्याचा छंद इंग्लंडमध्ये रुजवला तो रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी. यॉर्कशायरमधल्या थ्वेट या खेड्यात वाढलेल्या या भावांपैकी चेरीने 1892 मध्ये लंडनजवळच्या एनफील्ड येथे साँग थ्रश पक्ष्याच्या अंड्यांनी भरलेल्या घरट्याचे छायाचित्र घेतले. 1895 मध्ये त्यांचे ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरील सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले.

त्या काळी कॅमेरा तिवईवर उभारावा लागे आणि प्रत्येक चित्रासाठी काचेची नवी प्लेट चढवावी लागे. दूरचे टिपणारी भिंगे सहज मिळत नसल्याने पक्ष्याच्या अगदी जवळ जाणे भाग होते. म्हणून कीर्टन बंधूंनी लाकडी सांगाड्यावर बैलाचे कातडे चढवून पोकळ बैल तयार केला. आत कॅमेरा घेऊन माणूस अवघडून बसे. कुरणातल्या गुराढोरांना सरावलेले पक्षी त्याला बुजत नसत.

पुढे एरिक हॉस्किंग यांनी हा छंद व्यवसाय म्हणून पत्करला. 1937 मध्ये घुबडाच्या हल्ल्यात डावा डोळा गमावूनही त्यांनी काम सोडले नाही. अतिवेगवान फ्लॅशमुळे उडत्या पक्ष्याच्या पंखांची ठेवणही चित्रात स्पष्ट उमटू लागली.

भारतात या छंदाला मुंबईतून बळ मिळाले. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर सोडून आलेले उद्योजक लोक वान थो यांची येथे पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींशी मैत्री जमली. पुढे दोघांनी बरोबर भ्रमंती केली. लोक वान थो यांच्या पक्षिचित्रांचे पुस्तक 1957 मध्ये निघाले.